एका लगीनसराईची डिस्क

डिस्क आत सरकवली की ते उजव्या हाताचं बोट वर करत. म्हणजे आता कोणी बोलायचं नाही. निळा डबा आधी घुरघुरायचा, मग टकटक करायचा, मग त्याचा दिवा लुकलुकायचा. तोवर समोर नवरीचा बाप असो की मराठी मंडळाचे अध्यक्ष, गप्प बसायचं. "वाचून राहिली ती," ते हळूच म्हणत, आतल्या खोलीत बाळंतीण निजली असावी तसं. दिवा विझला की बोट खाली यायचं आणि ठरलेलं वाक्य निघायचं, "आहे. सगळं आहे. काहून घाबरता?"

या वाक्यानं धीर येणाऱ्यांपेक्षा धडकी भरणारे लोक जास्त होते.

आम्ही त्यांना काका म्हणत असू आणि पाठीमागे डिस्कवाला. जबलपूरच्या जुन्या गढा भागात, बाजाराच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली हेच दुकान. आधी ते एका हिंदी छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी नागपूरहून एक कॉम्प्युटर, मराठी अक्षरांचा फाँट आणि एक झिप ड्राइव्ह आणला आणि लग्नाच्या पत्रिका करायला बसले.

जबलपुरात मराठी पत्रिका छापायची म्हणजे अडचण एकच, ळ. हिंदी टाइप करणाऱ्याला तो सापडत नाही आणि सापडला तरी कशाला हवा ते कळत नाही. शहरातल्या ओमती भागातल्या एका दुकानातून छापून आलेल्या पत्रिकेत काळ्यांचे काले झाले होते आणि जेवणाची वेळ ही जेवणाची वेल झाली होती. मुलाकडचे नागपूरचे. पंगतीत ते एकमेकांना विचारत राहिले, वेल कुठवर आला. काकांच्या फाँटात ळ होता. म्हणून रांझीच्या क्वार्टरांतून, रेल्वे कॉलनीतून, सगळीकडून मराठी माणूस बस धरून नाहीतर मोटरसायकलवर बायकोला मागे बसवून गढ्याला जायचा आणि अपमान करून घेऊन यायचा.

झिप म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. फ्लॉपीची थोरली बहीण. तळहातावर मावेल अशी चौकोनी, जाडसर डिस्क आणि तिच्यासाठी वेगळा निळा डबा, तो तारेनं कॉम्प्युटरला जोडायचा. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, मग सगळं फोनमध्ये गेलं. दुनियेनं झिप टाकून दिली. काकांनी टाकली नाही. उलट लोकांनी टाकलेले डबे कबाड्याकडून उचलून आणले, एक बसला तर दुसरा असावा म्हणून. एका लगीनसराईला एक डिस्क, तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. वर सालाची चिठ्ठी. सगळ्या डिस्क पापडांच्या स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. मला याद्या करायची, डब्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय आहे. मंडळाची चिटणीस मी त्याच सवयीमुळे झाले. त्यांच्या त्या कपाटाहून नीटनेटकं कपाट मी अजून पाहिलेलं नाही.

त्यांचे नियम दोन होते. पहिला, एकदा लिहिलं ते पुसायचं नाही. "पुसापुशी केली की डिस्क आजारी पडते," असं त्यांचं शास्त्र होतं. दुसरा, छापण्याआधी गिऱ्हाइकानं मजकूर स्वतः मोठ्यानं वाचायचा. चूक राहिली तर वाचणाऱ्याची.

हा दुसरा नियम ऐकायला बरा वाटतो. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या एका बाईंचे यजमान गेले, तेव्हा तेरवीच्या पत्रिकेसाठी त्यांच्याबरोबर मी गेले होते. मी म्हटलं, काका, मी वाचते. ते म्हणाले, "पत्रिका यांची आहे. यांनाच वाचू द्या." बाई वाचू लागल्या. 'कैलासवासी'पाशी थांबल्या. काका वाट पाहत राहिले. बाई पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "घाई नाही. पण पूर्ण वाचा." बाईंनी पूर्ण वाचलं. पत्रिकेत एकही चूक नव्हती.

तुम्ही म्हणाल, माणूस दुष्ट होता. थांबा.

मंडळाच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर छापायच्या आठवड्यात अध्यक्षांच्या मुलाच्या लॅपटॉपसकट गेला. मुलगा सांगत होता की तो ढगात कुठेतरी आहे, मिळेल. मिळाला नाही. जुन्या सभासदांची नावं, फोटोंखालच्या ओळी, दिवंगतांची यादी, सगळं काकांच्या डिस्कीत होतं, कारण मागच्या स्मरणिकेची अक्षरं त्यांनीच लावली होती. अध्यक्ष मागायला गेले. हेच अध्यक्ष दोन वर्षांमागे मंडळाच्या सभेत काकांच्या डब्याला भंगार म्हणाले होते. काकांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. "काय पाहिजे?" अध्यक्ष म्हणाले, तो मजकूर. "कशात आहे तो?" अध्यक्ष म्हणाले, तुमच्याकडे. "माझ्याकडे कशात?" शेवटी अध्यक्षांना म्हणावं लागलं, "भंगारात." मग बोट वर गेलं, डबा घुरघुरला, आणि एक ओळ इकडची तिकडे न होता सगळी स्मरणिका निघाली.

तरुण मुलांची तर ते सालटीच काढत. कोणी पेन ड्राइव्ह पुढे केला की हातात उलटासुलटा करून विचारत, "ही कोणत्या कुलपाची?" एकाचा फोन नर्मदेत पडला, त्यात लग्नाचे सगळे फोटो. तो निदान पत्रिका तरी मिळेल म्हणून आला. मिळाली, तिथल्या तिथे. वर ऐकावं लागलं, "चलो, लग्न तेवढं वाचलं. बायको आहे ना घरी, की तीबी फोनमध्येच होती?"

हसू येतं. मलाही यायचं. शोभाची गोष्ट होईपर्यंत.

शोभा आमच्या शेजारच्या क्वार्टरातली, माझ्याच वयाची. आम्ही एकाच शाळेत गेलो, आणि एकाच सराईत आमची लग्नं ठरली. दोघींच्या पत्रिका काकांनी एकाच दिवशी करून दिल्या. माझं लग्न झालं. तिच्या नियोजित नवऱ्यानं चार दिवस आधी परस्पर दुसरीशी लग्न केलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी घरांत त्या वर्षभर तारेला अडकवलेल्या राहिल्या, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिता येत होता.

त्यानंतर तिनं पुष्कळ वर्षं लग्नाचा विषय काढू दिला नाही. शाळेत नोकरी धरली, आईवडिलांचं केलं, त्यांना पोचवलं. चाळिशी ओलांडल्यावर गोंदियाचं एक स्थळ आलं. बिजवर, बँकेत, मूलबाळ नाही, बोलायला शांत. दोघं एकदा भेटली, दुसऱ्यांदा स्वतः ठरवून भेटली. शोभा मला म्हणाली, "अगं, त्याला माझ्या हातचं वरण खारट लागलं, आणि त्यानं सांगितलं. मला फार बरं वाटलं." इतक्या वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिला हे लग्न हवं होतं. एवढंच, पण पूर्ण हवं होतं.

पहिल्या मोडलेल्या लग्नाचं तिच्या भावानं गोंदियाला सांगितलं नव्हतं. नको म्हणाला, झालंच नाही ते लग्न, तर सांगायचं काय. शोभा म्हणत होती की मीच त्याला सांगते, लग्नाआधी सांगते. ती वेळ शोधत होती.

पत्रिका मराठीत हवी होती, म्हणजे काकांकडे जाणं आलं. पत्रिकेत दोन्हीकडची नावं असतात, ती बघायला मुलाचे मामा गोंदियाहून येणार होते. म्हणून मी आदल्या दिवशी एकटी गढ्याला जाऊन आले. काकांना म्हटलं, नव्यानं टाइप करा, जुन्याचा विषय मुलाकडच्यांसमोर नको. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "विषय काहून निघेल? माझ्या तोंडून एक शब्द नाही निघणार, बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो, मी, शोभा आणि मामा. मामा गप्पिष्ट, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. आल्याआल्या त्यांनी निळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, हे अजून चालतं का. आमच्या ऑफिसात होतं, कधीच फेकलं.

मामांनी ते विचारायला नको होतं.

काकांनी स्टीलचा डबा उघडला. चिठ्ठ्या बघत एक डिस्क काढली. मला साल दिसलं आणि मी म्हटलं, "काका, नवीन करू या ना." त्यांनी बोट वर केलं. डबा घुरघुरला. पडद्यावर गणपती आला, खाली वेलबुट्टी आली, तिच्यामध्ये चि. सौ. कां. शोभा, आणि तिच्या समोर त्या पहिल्या मुलाचं नाव, वडिलांच्या नावासकट, जाड अक्षरात.

"पहा मामाजी," काका म्हणाले, "इतकी वर्षं झाली. एक काना हलला नाही."

मामा पुढे वाकले. "ये कौन है?"

"ते जुनं आहे. बाकी मजकूर तयार आहे. नवरदेव तेवढा बदलायचा."

मी शोभाकडे पाहिलं नाही. काकूंनी चहा आणला होता, तो मामांनी सावकाश पूर्ण प्यायला. मग त्यांनी पडद्यावरची तारीख वाचली, आईवडिलांची नावं वाचली, म्हणाले, अच्छा. बाकी नावं फोनवर कळवतो, असं सांगून ते स्टेशनला गेले. फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, शोभाच्या भावाला. मोडल्याचं काही नाही, लपवल्याचं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुलानं स्वतः फोन केला नाही. शोभानं त्याला केला, तो त्यानं उचलला नाही.

काकांनी हे मुद्दाम केलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही. मला खात्री आहे. त्यांनी दिलेला शब्द त्यांच्या लेखी पाळला होता, विषय त्यांनी काढला नव्हता. समोरच्यानं डब्याला जुना म्हटलं, आणि त्यांना तो चालून दाखवायचा होता. त्या क्षणी खोलीत शोभा नव्हतीच त्यांच्यासाठी. पडद्यावर जी होती तेवढीच होती. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आठवड्यानं शोभा त्यांच्याकडे गेली. मी बरोबर होते. ती आवाज न चढवता म्हणाली, "माझी पत्रिका पुसून टाका."

"मी पुसत नाही."

"पहिल्यांदा त्यानं मोडलं. या वेळेला तुम्ही मोडलं, काका."

"मी काय मोडलं? मी उघडून दाखवलं." त्यांना खरोखर कळत नव्हतं. "बाई, या डिस्कीत त्या सराईतली शंभरावर लग्नं आहेत. एकीत हात घातला की बाकीच्यांचा भरवसा नाही राहत. तुमच्या एकीसाठी सगळ्यांची लग्नं पुसू का?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुसा ना हो. कोण पाहायला येते?" काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी देवघरातला टाक विकायला सांगितला होता. त्यांनी डिस्क डब्यात ठेवली, तांदळाची पुरचुंडी नीट केली आणि झाकण दाबून लावलं.

बातमी अर्थातच मंडळात पोचली. मामा गप्पिष्ट होते म्हटलं ना. 'नवरदेव तेवढा बदलायचा' ही आमच्याकडे म्हणच झाली. कोणी दुकानात साडी बदलायला निघालं की म्हणायचं, बाकी तयार आहे, नवरदेव तेवढा बदलायचा. हळदीकुंकवात एकीनं शोभासमोर म्हटलं आणि मग तोंडावर हात ठेवला. तोंडावर हात ठेवलेला जास्त दिसतो. शोभानं मंडळात येणं सोडलं. तिला बोलावणं पाठवायचं काम चिटणीस म्हणून माझंच होतं, मी पाठवत राहिले, ती येत नाही म्हणून कळवत राहिली. लोक काकांकडे जायचे थांबले असं मात्र झालं नाही. ळ दुसरीकडे मिळत नव्हता.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. शेवटी त्यांचे हात थरथरायचे, डिस्क खाचेत जात नसे. काकू सरकवून द्यायच्या आणि ते बोट तेवढं वर करायचे. मी एकदा भेटायला गेले तर त्यांना धाप लागलेली. मला म्हणाले, "सगळ्या उघडून पाहिल्या. एकबी गेली नाही." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की रागवायला गेलेलं माणूस तोंड मिटून परत येईल. मी मिटूनच आले. त्यांच्या तेरवीची पत्रिका मला ओमतीला करून घ्यावी लागली. तिच्यात 'सकाली ११ वाजता' छापून आलं. मी घाईत होते, वाचायचं राहिलं.

महिन्याभरानं काकूंनी निरोप पाठवला की खोली भाड्यानं द्यायची आहे, हे सगळं मंडळानं न्यावं. मंडळ म्हणजे मी. कॉम्प्युटर, निळे डबे, पापडांचे स्टीलचे डबे, सगळं ऑटोत घालून रांझीला आणलं. दर रविवारी बसून डिस्क उघडल्या आणि कोणत्या सालात कोणाची पत्रिका, त्याची यादी करू लागले. काका खोटं बोलले नव्हते. एकेक डिस्क घुरघुरायची, टकटकायची आणि उघडायची. लोकांना त्याचा उपयोगही होऊ लागला. हल्ली जुन्या लग्नाची नोंदणी करायला गेलं की पत्रिका मागतात, पासपोर्टाला, पेन्शनीला, कशालाही. पत्रिका कोणी सांभाळून ठेवलेली नसते. मी छापून देते.

शोभा एका रविवारी दुपारी आली. भाजी निवडून देते म्हणाली आणि टेबलाजवळ बसली. बराच वेळ मेथी निवडून झाल्यावर तिनं विचारलं, "ती आहे?"

मी काढून दिली. तिनंच खाचेत सरकवली. पत्रिका उघडली तशी तिनं ती सगळी वाचली, मनातल्या मनात. तिच्या वडिलांच्या नावावर तिचा डोळा थोडा थांबला, असं मला वाटलं.

"एकच पुसता येते का गं?"

येते, मी म्हटलं. बाकीच्यांना काही होत नाही. काकांचं ते शास्त्र उगीचच होतं.

तिनं मेथीची एक काडी मोडली. मग म्हणाली, "एकच गेली तर गेलेली दिसते. सगळ्या गेल्या तर डिस्क गेली." आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझीबी आहे हिच्यात."

"असू दे," मी म्हटलं. "माझं लग्न घरात झोपलंय."

ती हसली, पुष्कळ दिवसांनी. कसं करायचं ते मी तिला दाखवलं. नक्की ना, असं मशीननं विचारलं, ते तिनं हो केलं. डबा घुरघुरला, टकटकला आणि नेहमीसारखा आपलं काम करून थांबला. शोभानं राहिलेली मेथी निवडली आणि ती घरी गेली.

आता फोन येतात. परवा एका मुलाचा आला. त्याच्या आईवडिलांचं लग्न त्याच सराईतलं. वडील गेले, आईच्या पेन्शनीला पत्रिका हवी आहे, म्हणे. काकांकडे सगळं असायचं असं आई म्हणते. मी त्याला सांगितलं, त्या सालची डिस्क खराब निघाली. बाकी कागद काय काय लागतील ते सांगितलं, दोन साक्षीदार कोण होतील तेही सुचवलं. त्यानं ते आईला सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं. मागून आईचा आवाज आला, "पाहा. इतकं बोलायचे लोकांना. शेवटी त्यांचीबी गेलीच ना?"

मुलानं मला विचारलं, आई विचारते आहे, खरंच गेली का.

"हो," मी म्हटलं. "गेली."